बोसा नोव्हाची सुरुवात 'गेट्झ/जिल्बेर्तो'ने करू नका

मंद्रसप्तक: विषय आहे नवख्याने ऐकायचे बोसा नोव्हाचे आणि ब्राझिलियन जाझचे पाच अल्बम. बोसा नोव्हाची (सांबा या ब्राझिलियन नाचतालातून निघालेलं हळुवार गिटार-गाणं) कुठलीही 'ऐकायलाच हवेत' यादी काढा, वर अमेरिकन सॅक्सोफोनवादक स्टॅन गेट्झ आणि ब्राझीलचा गायक-गिटारवादक जुआंव जिल्बेर्तो यांचा हाच अल्बम. मार्च 1963, न्यूयॉर्क, दोन दिवसांचं रेकॉर्डिंग. यादीत हवाच, पण पहिला नको. पहिला ऐकावा जुआंव जिल्बेर्तोचा 1959 चा 'शेगा जी सौदाजी'. बारा गाणी, सगळं मिळून पंचवीस मिनिटंही नाहीत. (गोंयकारांनो, 'सांजांव'मधला जांव तोच हा जुआंव. आणि तुमचा 'सौदाद' ब्राझीलमध्ये 'सौदाजी' होतो.)

खरी करामत जुआंवच्या गिटारवरच्या उजव्या हातात आहे. अंगठा ठोक्यावर खर्ज धरतो, म्हणजे सांबातला मोठा ढोल, सुर्दू. तर्जनी, मध्यमा आणि अनामिका तीन तारा एकदम उचलतात, ते तांबोरी या छोट्या डफांचं काम. गळा या दोघांच्या किंचित पुढेमागे चालतो. गेट्झचा सॅक्सोफोन सुरू झाला की हे सगळं मागे पडतं.

काळी चार: साफ अमान्य. 'गेट्झ/जिल्बेर्तो'वरच्या 'द गर्ल फ्रॉम इपानेमा' या गाण्यात सॅक्सोफोनच्या आधी जुआंवचं अख्खं पोर्तुगीज कडवं आहे. रेडिओसाठी सिंगल काढताना नेमकं तेच कापलं आणि लोक तीच छोटी आवृत्ती ऐकून मत ठोकतात. अल्बमवरची पाच मिनिटांची ऐका.

आता 'देसाफिनादू' (म्हणजे 'बेसूर') हे गाणं घ्या, ते दोन्ही अल्बमांत आहे. 1959 चं दोनेक मिनिटांत संपतं, 1963 चं चार मिनिटांहून मोठं. एफ हा सा धरला तर पहिल्या ओळीच्या सुरुवातीला शुद्ध धैवत येतो आणि शेवटाला कोमल. 'बेसूर' नावाच्या गाण्यातली मुख्य गंमतच ती. नवख्या कानाला ती पकडायला सवड नको?

मंद्रसप्तक: कापाकापीचा मुद्दा मान्य. पण सवडच द्यायची तर 1959 चं दोनदा ऐकवा, तरी वेळ उरेल! निदान 1962 चा 'जाझ साम्बा' तरी पहिला नको. वॉशिंग्टनच्या चर्चमध्ये झालेल्या त्या रेकॉर्डिंगमध्ये गेट्झ आणि गिटारवादक चार्ली बर्ड आहेत, दोन ड्रमर आहेत, जुआंव नाहीच.

सोळा कप्पे: गिटार शिकणाऱ्यांसाठी मध्येच एक टीप. तालाच्या दोन मापांचे (बारचे) सोळा समान कप्पे करा आणि 1, 4, 7, 11, 14 वर कॉर्ड उचला. शेवटचा ठोका 13 वर पडला की तो क्युबाच्या संगीताचा साचा होतो. सगळ्यात जास्त होणारी चूक ही. दुसरी चूक जड अंगठ्याची: खर्ज दणकला की वरचे कॉर्ड बुडतात. तिसरी म्हणजे अमेरिकन स्विंगच्या सवयीने कप्पे लहानमोठे करणं. आणि हा साचा फक्त हात बसेपर्यंत. जुआंव स्वतः तो असा ठरावीक धरून बसत नाही, शब्दांप्रमाणे सरकवतो.

पितळी: तुम्ही सगळे गिटारला चिकटलात. विषय ब्राझीलच्या जाझचाही आहे ना? रिओच्या कोपाकबानातल्या बेकू दास गार्राफास या गल्लीतल्या क्लबांत ड्रमर कुजबुजत नव्हते. ड्रमर एदिसोन माशादूचा 1964 चा अल्बम लावा आणि झांजेवरचा सांबा ऐका. त्यानंतर संगीतकार मोआसीर सांतोसचा 'कोयझास', 1965. कोयझास म्हणजे वस्तू. रचनांना नावांऐवजी क्रमांक, एक ते दहा, तेही अल्बमवर उलटसुलट. खाली आफ्रो-ब्राझिलियन ताल, वर वाद्यवृंदाची घट्ट वीण. माझ्या पाचांत गेट्झ नाहीच.

काळी चार: 'कोयझास' पाचात हवाच. पण पहिल्याच दिवशी ऐकवलात तर माणूस दुसऱ्या दिवशी येणार नाही. त्यापेक्षा गायिका एलिस रेजिना आणि संगीतकार टॉम जोबिम यांचा 1974 चा 'एलिस आणि टॉम'. त्यातल्या 'आग्वास जी मार्सू' या गाण्यात सुरुवातीलाच खर्ज अर्ध्या-अर्ध्या स्वराने चार पायऱ्या उतरतो. वर दोघं एकमेकांचे शब्द झेलत राहतात, शेवटी तर हसू फुटतं.

मंद्रसप्तक: त्यावर भांडण नाही. जुआंवचा 1973 चा पांढऱ्या कव्हरचा अल्बमही जोडा: गळा, गिटार, हलकासा ताल, बस्स. उजवा हात इतका उघडा दुसरीकडे क्वचितच ऐकू येतो.

एक सावधगिरी. जुआंवचे 1959, 60 आणि 61 चे तिन्ही अल्बम कोंबून एक सीडी निघाली होती. तिच्यात आवाजाला वरून घुमारा चढवला होता, त्यावरून जुआंवने कंपनीला कोर्टात खेचलं. जुन्या मालात पाठीवर 38 गाणी दिसली तर ठेवून द्या.