डंखाची रांग सोडा, मोठं स्टीलचं यंत्र घरी आणा: पटतंय का?

खमंग (पुणे)

चैत्र लागला की आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एकच प्रश्न फिरायला लागतो, यंदा मसाला कुठल्या डंखावर (कुटून देणाऱ्या गिरणीवर)? माझं मत असं की कुठल्याच नाही. मोठं स्टीलचं यंत्र घ्या आणि मोकळे व्हा.

कुठलं यंत्र म्हणाल, तर काष्ठौषधीच्या दुकानांत सुंठ, ज्येष्ठमध दळून देतात ते. गोल जाड भांडं, वर फिरकीनं आवळायचं झाकण, बाजूला मूठ. चालू असतानाच अख्खं भांडं पुढे-मागे कलंडवता येतं, म्हणजे कडेला चिकटलेली पूड परत पात्यांवर पडते. मिक्सरसारखं थांबवून, झाकण काढून, चमच्यानं खरवडत बसायला नको. एक किलोचं मिळतं, दोन किलोचं मिळतं. आता ऑनलाइनही सर्रास दिसतं.

डंखावर माझा राग का, तर तुमच्या आधी तिथं काय कुटलं गेलं ते तुम्हाला माहीत नसतं. गोड्या मसाल्यात आधीच्या गिऱ्हाइकाची लवंगी मिरची उतरते. दगडफूल आणि नागकेशराला आपण मोजून पैसे द्यायचे आणि घरी आणायचा तो भलत्याच कुणाच्या तिखटाच्या वासाचा डबा. शिवाय एप्रिल-मे मधली ती रांग, खोकला, शिंका, डोळ्यांतून पाणी. घरी संध्याकाळी भाजलं, रात्रभर गार केलं, सकाळी दळलं की काम संपलं. महिन्याला लागेल तेवढाच ताजा मसाला करता येतो हा फायदा वेगळाच.

यंत्राला दोन चांगल्या मिक्सरांएवढे पैसे पडतात, मान्य. पण मिक्सर किलोकिलोनं धणे-मिरची दळायला बनलेलाच नसतो. तरी लोक दर वर्षी त्याचं भांडं फोडून घेतात.

बोला.

रंकाळ्याची सून (कोल्हापूर)

दादा, तुम्ही पुण्याचे, तुमचा गोडा मसाला कोरडा, म्हणून हे कौतुक चाललंय. आमच्याकडं चटणी म्हणजे कांदा-लसूण. तळलेला कांदा, सोललेला लसूण, आलं, कोथिंबीर, खोबरं, तीळ, वर खडेमीठ. हे सगळं मिरचीच्या भुकटीत कालवून परत डंखात घालायचं असतं. तुमच्या त्या कलंडणाऱ्या भांड्यात हे घालून बघा. अर्ध्या मिनिटात पात्यांभोवती गोळा होईल आणि मोटार घुमायला लागेल. ती यंत्रं फक्त कोरड्या जिन्नसांची. पुस्तिकेतच लिहिलेलं असतं, पण वाचतंय कोण?

आणि डंख काय करतो ते समजून घ्या. वरून लोखंडी मुसळ पडतं, दाबतं, उचललं जातं, परत पडतं. लसणाचं आणि कांद्याचं तेल मिरचीत मुरतं ते त्या दाबानं. पातं कापतं, मुसळ कुटतं. चटणीचा रंग बघूनच आमची सासू सांगते कुठं केली ते.

मागच्याची मिरची उतरते म्हणता, तर पहाटेचा पहिला नंबर लावा. किंवा डंखवाल्या मावशींना सांगा, तुमच्याच मिरचीचा पहिला मूठभर घाणा बाजूला काढतात. आमच्याकडं सगळेच सांगतात.

खमंग (पुणे)

वहिनी, ओल्या चटणीचं मी म्हटलंच नव्हतं. कांदा-लसूण डंखावरच, त्यात वाद नाही. पण महाराष्ट्रात गोडा, मालवणी, धणे-जिरे पूड, हळद, मेतकूट, शिकेकाई हे सगळं कोरडंच आहे. त्यासाठी का रांगेत उभं राहायचं?

वाइंडिंगवाला (नाशिक)

माझ्याकडं ही यंत्रं जळून येतात, म्हणून लिहितो. विकत घेऊ नका असं म्हणत नाही. पण काय घेताय ते कळू द्या.

'दोन किलो' हा आकडा निव्वळ जाहिरात आहे. भांडं साधारण दोन-अडीच लिटरचं असतं. धणे इतके पोकळ की दोन लिटरात एक किलोसुद्धा बसत नाहीत. त्यातून भांडं अर्ध्याच्या थोडं वरपर्यंतच भरायचं, नाहीतर वरचा माल पात्यापर्यंत पोचत नाही. तेव्हा दोन किलोच्या यंत्रातून एका घाण्याला धणे निघणार अर्धा किलोच्या आतबाहेर. मिरचीचे तुकडे त्याहून कमी. एक किलोचं यंत्र घेणाऱ्यांनी हाच हिशेब निम्मा करावा.

यात कार्बन ब्रशची (घासून झिजणाऱ्या, वीज पोचवणाऱ्या तुकड्यांची) मोटार असते, मिक्सरसारखीच, फक्त मोठी. मिनिटाला पंचवीस हजार फेऱ्यांच्या आसपास फिरते. कागदावर तीन हजार वॅट लिहिलेलं असतं. २३० व्होल्टवर त्याचा अर्थ १३ अँपिअर, आणि चालू होताना त्याहून जास्त. स्वयंपाकघरातल्या साध्या ६ अँपिअरच्या पिनवर लावलं की आधी प्लग तापतो, मग एमसीबी पडतो, आणि लोक म्हणतात यंत्र खराब. १६ अँपिअरचा पॉवर पॉइंट आणि नीट अर्थिंग नसेल तर हा नाद करू नका. सलग चालवायची मर्यादा बहुतेकांना तीन ते पाच मिनिटं दिलेली असते, त्यानंतर थंड होऊ द्यायचं. जळून येतात त्यातली बरीचशी 'आता एवढंच राहिलंय' या शेवटच्या घाण्यात जळालेली असतात.

घेताना काय बघाल? ब्रश बाहेरून बदलता येतो का. पाती सुटी मिळतात का. झाकण नीट बसल्याशिवाय मोटार सुरू होऊ न देणारा स्विच आहे का. झाकणाचं रबर निघतं का, कारण तिथंच जुनी पूड अडकते. बाकी रंग, काटा, डिजिटल आकडे वगैरे सोडून द्या.

खमंग (पुणे)

आणि स्टील चांगलं आहे की नाही ते लोहचुंबकानं कळतं ना?

वाइंडिंगवाला (नाशिक)

अर्धवट कळतं. चुंबक चिकटलं नाही म्हणजे ३०४ (स्टीलची चांगली जात) असं दुकानदार सांगतो. पण २०१, २०२ या स्वस्त जातींनाही चुंबक चिकटत नाही, मग काय कळलं? उलट पात्याला चिकटलं तर घाबरू नका. धार धरणारं कडक स्टील चुंबकाला ओढलं जाणारंच असतं. चुंबकाचा खरा उपयोग दळून झाल्यावर आहे. कागदावर पूड पसरा आणि वरून फिरवा. पहिल्या काही घाण्यांत लोखंडाचा बारीक कीस सापडला तर यंत्र परत करा. नव्या यंत्रात आधी मूठभर तांदूळ दोन-तीनदा फिरवून टाकून द्यायचे, हे वेगळं सांगायला नको.

वैद्य_चिपळूण

मसाल्याच्या वादात औषधाचं कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. माझ्याकडं लोखंडी खल आहे आणि असं यंत्रही आहे. दोन्ही वापरतो, पण एकमेकांच्या जागी नाही.

आवळा, हिरडा, बेहडा लोखंडी खलात कुटू नयेत. त्यांच्यातल्या तुरट द्रव्याचा लोखंडाशी संबंध आला आणि जरा दमट हवा असली की पूड काळपट पडते. केसांसाठी आवळा लोखंडी कढईत भिजवतात तो याच गुणासाठी, पण पोटात घ्यायच्या त्रिफळ्यात तो नको. इथं स्टीलच हवं, हे खमंग यांचं बरोबर. हिरडा-बेहड्याच्या बिया आधी काढायच्या. त्या पात्याचंही वाटोळं करतात आणि चूर्णाचंही.

ज्येष्ठमध, गुळवेल, शतावरी यांचे दोरे पात्याला गुंडाळतात. आधी अडकित्त्यानं किंवा कात्रीनं बोटाच्या पेराएवढे तुकडे करा, मगच भांड्यात. सुंठ आणि हळकुंड अख्खी टाकू नका. खलात दोन घाव घालून फोडा. सांगलीचं हळकुंड पात्यावर आदळल्याचा आवाज ऐकला की कळतं मी का सांगतोय.

आता विरोधाचं. शार्ङ्गधरसंहिता या जुन्या आयुर्वेदग्रंथाच्या व्याख्येत चूर्णाचं द्रव्य अत्यंत कोरडं, नीट वाटलेलं आणि कापडातून गाळलेलं हवं. यंत्र यातलं मधलं एकच काम करतं. कोरडं करणं उन्हाचं काम, गाळणं तुमचं. घरी कापड झेपत नसेल तर ८० नंबरची जाळी घ्या, तिची छिद्रं साधारण १८० मायक्रॉनची असतात. जाळीवर उरलेली चाळ परत दळा. 'यंत्रातून काढलं की झालं' म्हणणाऱ्यांच्या चूर्णात कुसळं लागतात. आणि त्याच ग्रंथात चूर्णाचं वीर्य, म्हणजे औषधी जोर, दोन महिन्यांनी उतरतं असंही म्हटलंय. मग एका वेळी किलो-किलो दळून ठेवण्याची हौस कशाला? एका घराला औषधासाठी मोठं यंत्र लागतच नाही. ते लागतं वैद्याला, नाहीतर विकणाऱ्याला. विकायचं असेल तर औषधी चूर्णाला परवाना लागतो हेही लक्षात ठेवा. मसाल्याची नोंदणी त्याला चालत नाही.

म्युनिकची माई

तुमचा वाद बघून मजा वाटली. आमच्याकडं डंखच नाही, तेव्हा प्रश्नच मिटला. भारतातून येताना हे यंत्र आणलं तर इथं चालतं, कारण विजेचा दाब २३० व्होल्टच आहे, फक्त पिन बदलावी लागते. अमेरिकेतल्या बहिणीला मात्र सांगून ठेवलंय, तिकडं १२० व्होल्ट, तिथलंच घे.

इथली अडचण आवाज. दुपारी आणि रविवारी शेजारी ऐकून घेत नाहीत. मी जाड टॉवेलाची घडी खाली घालते, तरी किंचाळतंच. एक युक्ती सांगते, मसाला भाजून गार झाला की पिशवीत घालून फ्रीझरमध्ये ठेवायचा आणि तसाच दळायचा. गरम होत नाही, वास टिकतो.

रंकाळ्याची सून (कोल्हापूर)

माई, फ्रीझरमधून काढलेल्या मिरचीवर दव जमतं की! दमट मसाला आठ दिवसांत बुरशी धरेल. आमच्याकडं उन्हात कडकडीत वाळवूनच डंखावर नेतात, देठ मोडला की कट्ट वाजला पाहिजे.

वाइंडिंगवाला (नाशिक)

दोघींचं खरं आहे. गार मालाला फायदा आहेच, मोठे कारखाने तर उणे १९६ अंशांच्या द्रव नायट्रोजननं मसाला गारठवून दळतात, सुगंधी तेल उडू नये म्हणून. पण घरी करताना पिशवी हवाबंद हवी. उघडून लगेच दळा. आणि पूड बरणीत घालून झाकण लावून ती खोलीच्या तापमानाला आली की मगच उघडा. दव बरणीच्या बाहेर जमू दे, आत नको. पावसाळ्यात कोकणात हा प्रयोग करू नये, एवढं माझं मत.

गट_संगमेश्वर

आमचा महिलांचा बचत गट मालवणी मसाला, आगळ, कोकम विकतो. मसाल्यासाठी हे स्टीलचं यंत्र घ्यायचं ठरलं होतं, मी विरोध केला.

आठवड्याला पंचवीस-तीस किलो काढायचे तर अर्ध्या-अर्ध्या किलोचे घाणे काढत, मध्ये यंत्र थंड करत, दिवस जाईल. शिवाय प्रत्येक घाणा वेगळा. एक बारीक, एक भरड. गिऱ्हाईक दुसऱ्या पाकिटाला म्हणतं, मागच्या वेळचा मसाला छान होता. त्यापेक्षा दोन-तीन अश्वशक्तीचा पल्वरायझर घ्या, आत हातोड्या आणि खाली बदलता येणारी जाळी. माल वरून सोडत राहायचा, एकसारखी पूड खाली. एवढी मोटार सिंगल फेजवरही मिळते. पंतप्रधान सूक्ष्म अन्न प्रक्रिया योजना अजून चालू असेल तर तिच्यातून, कर्ज काढून यंत्र घेतलं की पात्र खर्चाच्या ३५ टक्के अनुदान मिळतं, आणि गटातल्या सदस्याला ४० हजारांपर्यंत बीज भांडवलाची सोय त्याच योजनेत आहे. बँकेच्या फेऱ्या आहेत, नाही असं नाही. पण घरगुती यंत्र चार वर्षं कण्हत चालवण्यापेक्षा त्या फेऱ्या बऱ्या.

म्हणजे खमंगदादा, तुमचं यंत्र एका घराला जास्त आणि धंद्याला कमी. मधल्या कुणासाठी आहे ते, सांगा बघू.

खमंग (पुणे)

मधले पुष्कळ आहेत ताई. माझी मावशी फोनवर ऑर्डरी घेऊन महिन्याला सात-आठ किलो मेतकूट, धणे-जिरे पूड आणि गोडा मसाला करते. डंखवाला एवढ्याशा मालाला सीझनबाहेर हात लावत नाही, पल्वरायझरला तिच्याकडं जागा नाही आणि मिक्सर तिनं जाळून झालाय. आणि चार घरांनी मिळून एक यंत्र घेतलं तर? आमच्या मजल्यावर तेच करायचा विचार चालू आहे.

वैद्य_चिपळूण

चार घरांत एक यंत्र म्हणजे डंखाचाच प्रकार झाला की. शेजारच्यांचं तिखट तुमच्या गोड्या मसाल्यात येणारच.

खमंग (पुणे)

येईल, पण शेजारी कोण ते तरी माहीत असेल! आणि मध्ये तांदूळ फिरवू.

वाइंडिंगवाला (नाशिक)

तांदूळ फिरवा, कोरड्या फडक्यानं पुसा, पण नळाखाली धरू नका. मोटार भांड्याच्या बुडाशीच आहे, पाणी दांड्याच्या बाजूनं थेट खाली जातं. खोबरं, तीळ, खसखस सगळ्यात शेवटी आणि वेगळे, थोड्या धण्यांबरोबर दोन-तीन सेकंदांचे झटके देऊन फिरवायचे, नाहीतर तेल सुटून लगदा होतो. कोणाच्या घरी आधी, कोणाच्या नंतर यावर भांडणार असाल तर हिंगवाल्याला शेवटचा नंबर द्या.

रंकाळ्याची सून (कोल्हापूर)

आणि मिरचीचा घाणा झाला की लगेच झाकण उघडायचं नाही, पूड खाली बसू द्यायची. हे पुण्याच्या मजल्यावर आधी सांगून ठेवा, मग यंत्र विकत घ्या. आमची डंखवाली मावशी तोंडाला पदर बांधून बसते, तुमच्या लिफ्टमध्ये कोण बांधणार?