अनुभव धागा : स्वस्तातलं हार्ट रेट मॉनिटर आणि कॅलरीचा हिशेब

"किती कॅलरी जळाल्या ते बघायला कुठला बँड घेऊ, बजेट तीन-चार हजार" हा प्रश्न सारखा येतो आणि उत्तरांत नुसती मॉडेलची नावं पडतात. म्हणून हा वेगळा धागा. जे ही यंत्रं रोज वापरतात, इतरांना लावून देतात, दुरुस्त करतात त्यांनी लिहावं : घेताना काय तपासायचं, बांधायचं कसं, आकडा कुठे फसवतो. वजन किती उतरलं याचं कौतुक दुसरीकडे करू, इथे फक्त यंत्र.

भौतिकवाली

कॅलरी मोजणारं यंत्र तीन हजारांत मिळत नाही, तसं ते तीस हजारांतही मिळत नाही. खरी कॅलरी मोजायची तर तोंडाला मास्क लावून ऑक्सिजन किती खर्ची पडला ते बघावं लागतं. छातीचा पट्टा किंवा मनगटी बँड मोजतो ते ठोके, बाकी सगळं गणित. २०१७ साली स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या गटाने ६० जणांवर सात मनगटी यंत्रं तपासली. त्यातल्या सहांची ठोक्यांतली चूक पाच टक्क्यांच्या आत होती. कॅलरीत मात्र सर्वांत बरं यंत्र सरासरी २७ टक्के चुकलं आणि सर्वांत वाईट ९३ टक्के. तेव्हा पैसे ठोक्यांसाठी मोजा. "कॅलरी अचूक" असं खोक्यावर छापलंय म्हणून जादा रुपया देऊ नका.

गणित घरी करता येतं. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेलं केटेल आणि सहकाऱ्यांचं सूत्र बऱ्याच ठिकाणी वापरतात :

पुरुष : (०.६३०९ × ठोके) + (०.१९८८ × वजन किलोत) + (०.२०१७ × वय) − ५५.०९६९
स्त्रिया : (०.४४७२ × ठोके) − (०.१२६३ × वजन) + (०.०७४ × वय) − २०.४०२२

उत्तर मिनिटाला किलोज्यूलमध्ये येतं. ४.१८४ ने भागलं की आपण ज्याला सरसकट कॅलरी म्हणतो ती किलोकॅलरी. ४० वर्षांचा, ७० किलोचा पुरुष, सरासरी ठोके १४० : ५५.२ किलोज्यूल, म्हणजे मिनिटाला १३.२. अर्ध्या तासाचे झाले ३९६. ४५ वर्षांची, ६० किलोची बाई, ठोके १३० : मिनिटाला ८, अर्ध्या तासाला २४०.

आता याच पुरुषाला खुर्चीत बसवा, ठोके ७५. सूत्र म्हणतं मिनिटाला ३.४, तासाला दोनशेच्या वर. प्रत्यक्षात शांत बसलेला माणूस किलोमागे तासाला साधारण एक कॅलरी खर्च करतो, म्हणजे ७०. तिप्पट फरक! सूत्र व्यायाम करणाऱ्यांवर बसवलेलं आहे, ते सोफ्यावर चालत नाही. म्हणून व्यायाम सुरू करताना नोंद चालू करा आणि संपल्यावर लगेच बंद करा. बंद करायला विसरलात आणि पुढचा तासभर चहा-पेपर झाला, तर साध्या अ‍ॅपमध्ये तो चहासुद्धा व्यायामात जमा होतो.

पहाटपळी

भौतिकवालींच्या आकड्याचा ताळा सोप्या मार्गाने घेता येतो. सपाटीवर पळताना किलोमागे, किलोमीटरमागे साधारण एक कॅलरी. ७० किलोचा माणूस ५ किलोमीटर पळला की ३५०च्या आसपास. यंत्र ३२० ते ४०० दाखवत असेल तर भांडू नका. ६०० दाखवत असेल तर आधी प्रोफाइल उघडा. दहातल्या निम्म्या तक्रारी तिथेच मिटतात : जन्मसाल यंत्राने स्वतःच टाकलेलं, वजन पौंडात भरलेलं, किंवा घरातल्या दोघांत एकच अ‍ॅप.

चालण्याचं वेगळं. ताशी ६ किलोमीटरच्या चालीत ६० किलोच्या माणसाचे तासाला २३० च्या आसपास होतात, बसून राहिलो असतो तरी लागणारे ६० धरून. "अ‍ॅक्टिव्ह" आणि "टोटल" असे दोन आकडे दिसतात ते याचमुळे. दोन यंत्रांची तुलना करताना एकाचा अ‍ॅक्टिव्ह आणि दुसऱ्याचा टोटल लावून लोक उगाच एकाला दोषी ठरवतात.

मनगटी बँडची पळतानाची मोठी खोड म्हणजे पावलं आणि ठोके यांची गल्लत. हिरवा दिवा त्वचेखालच्या रक्तावर पडतो, परत येणारा उजेड सेन्सर वाचतो, त्यातले चढउतार म्हणजे नाडी. पण हात हलतो तेव्हा प्रत्येक पावलाला उजेडात तसाच चढउतार होतो. पळताना पावलं मिनिटाला १६० ते १८० पडतात. ठोके खरे १४५ आणि स्क्रीनवर १७२ अगदी स्थिर, हे दिसलं की समजायचं बँड पावलं मोजतोय. खात्री करायची असेल तर त्याच वेगात पावलं लहान आणि झटपट टाका. आकडा पावलांमागे धावला तर चोर सापडला. पट्टा एक भोक घट्ट करा आणि बँड मनगटाच्या हाडापासून दोन बोटं वर सरकवा. थंडीत त्वचेतलं रक्त आटतं, म्हणून डिसेंबरच्या पहाटे पहिली दहा मिनिटं आकड्यावर भरवसा नको. गडद टॅटूवर तर बँड लावूच नका.

बांगड्या आणि बँड एका हातात नकोत. धक्क्याने सेन्सर उचलला जातो आणि बाहेरचा उजेड आत शिरतो.

सायकल_दुरुस्त

पैसे वाजवून घ्यायचे असतील तर छातीचा पट्टा. तो हृदयाचा विद्युत् संकेत थेट पकडतो, हात हलण्याशी त्याला देणंघेणं नाही. तंत्र नवं नाही : फिनलंडची पोलार ही कंपनी १९७७ पासून याच धंद्यात आहे. तिचा एच९, एच१० चांगलाच, पण तीन हजारांच्या जवळपास राहायचं तर कूस्पो किंवा मॅजीनचा साधा पट्टा ठोक्यांच्या कामाला पुरतो. जास्तीचे पैसे बहुतेक मऊ कापड, पट्ट्यातच नोंद साठवणं आणि पोहताना चालणं याचे असतात. पाण्याखाली ब्लूटूथ जात नाही. पोहणार नसाल तर त्या पैशाला हात लावू नका.

घेताना तीन गोष्टी बघा. एक, ब्लूटूथ आणि एएनटी प्लस (सायकलचे कॉम्प्युटर वापरतात ती दुसरी बिनतारी पद्धत) दोन्ही हवं, म्हणजे उद्या सायकलचा कॉम्प्युटर आला तरी तोच पट्टा चालतो. दोन, बॅटरी सीआर२०३२ किंवा सीआर२०२५, नाण्याने उघडणारं झाकण; दोन्ही सेल घड्याळाच्या दुकानात मिळतात. तीन, कापडी पट्टा सुटा विकत मिळतो का. यंत्र वर्षानुवर्षं टिकतं, आधी कापड मरतं.

जोडताना हमखास होणारी चूक : फोनच्या ब्लूटूथ सेटिंगमध्ये जाऊन पट्टा शोधणं. तिथे जोडूच नका, अ‍ॅपच्या आतून जोडा. बरेच स्वस्त पट्टे ब्लूटूथवर एका वेळी एकाशीच बोलतात. मागच्या अ‍ॅपने तो धरून ठेवला असेल तर नव्या अ‍ॅपला दिसणारच नाही. मग लोक "पट्टा मेला" म्हणून परत करतात.

पट्टा जिवंत आहे का हे बघायला अँड्रॉइडवर एनआरएफ कनेक्ट नावाचं फुकट अ‍ॅप आहे. त्यात "हार्ट रेट" ही सेवा दिसली आणि आकडा बदलत राहिला की पट्टा ठीक, भानगड तुमच्या व्यायामाच्या अ‍ॅपमध्ये. असा स्वस्त पट्टा पाठवतो ते ठोके आणि दोन ठोक्यांमधलं अंतर. कॅलरीचा हिशेब अ‍ॅप करतं. म्हणून एकाच पट्ट्यावर, एकाच फेरीला दोन अ‍ॅप दोन आकडे देतात. अ‍ॅप एकच धरा आणि निदान तीन महिने बदलू नका.

ज्यांच्या सायकलला पॉवर मीटर (पेडल मारण्याचा जोर मोजणारं यंत्र) आहे त्यांनी कॅलरीसाठी ठोके बघूच नयेत. पेडलवर ६०० किलोज्यूल काम झालं तर शरीराने साधारण ६०० कॅलरी खर्च केल्या. माणसाचं इंजिन पाव भागाच्या आसपासच कार्यक्षम, म्हणून चारने गुणायचं, आणि किलोज्यूलची कॅलरी करताना चारने भागायचं, दोन्ही जवळजवळ कटतात. पण पॉवर मीटर हा "स्वस्तातलं" या शब्दाच्या बाहेरचा विषय.

किनाऱ्यावरचा घाम

पट्टा घेतला आणि पहिल्याच दिवशी चालायला सुरुवात करतानाच २१० ठोके दाखवले? घाबरू नका, इलेक्ट्रोड कोरडे आहेत. आतल्या बाजूचे दोन गुळगुळीत काळे पट्टे पाण्याने ओले करा. थुंकी चालते, ईसीजीचा जेल त्याहून बरा; तो मेडिकलमध्ये मिळतो आणि एक बाटली पुरून उरते. खोबरेल किंवा क्रीम चोपडलेल्या अंगावर पट्टा लावू नका, तेलातून वीज जात नाही. नागपूर-पुण्याकडच्या कोरड्या थंडीत नायलॉनचा सैल टी-शर्ट घासूनही असे खोटे उंच आकडे येतात. घाम फुटला की ते आपोआप जातात. त्या दिवशी शर्ट अंगाबरोबरचा घाला.

जागा छातीच्या स्नायूंच्या लगेच खाली, यंत्र मधोमध, अक्षरं सुलटी. खोल श्वास घेतल्यावर घसरू नये इतका घट्ट. स्पोर्ट्स ब्राच्या इलॅस्टिकखाली पट्टा अर्धा गेला तर एक कड उचलली जाते आणि ठोके गायब होतात, म्हणून पूर्ण खाली किंवा पूर्ण आत. छातीवर केस दाट असतील तर यंत्र थोडं डाव्या बरगडीकडे सरकवून बघा.

वापरून झालं की यंत्र पट्ट्यावरून काढा. ही सवय लावली नाही तर बॅटरी दर महिन्याला बदलावी लागेल : ओल्या पट्ट्यावर लटकलेल्या यंत्राला अजून माणूस आत आहे असंच वाटतं. पट्टा साध्या पाण्याखाली धरा, पिळू नका, सावलीत पसरा. आठवड्यातून एकदा सौम्य साबण. कपड्याला सुवास देणारं कंडिशनर नको, त्याचा थर इलेक्ट्रोडवर बसतो. आमच्याकडच्या दमट हवेत टिचबटणांवर हिरवट थर येतो, तो जुन्या टूथब्रशने आणि लिंबाच्या दोन थेंबांनी काढून लगेच धुवा.

जिमवाला दादा

वजनं उचलणाऱ्यांसाठी : कॅलरीचा आकडा सोडून द्या. दम धरून जड स्क्वॉट मारला की दाब वाढतो, ठोके १५०ला जातात, पण ऑक्सिजन त्या मानाने लागतच नाही. पळतानाचे १५० आणि बारखालचे १५० सूत्राला सारखेच दिसतात. त्यातून मनगटी बँड असेल तर मूठ आवळल्यावर तिथले स्नायूबंध ताणून सेन्सर वर उचलतात आणि ठोकेच चुकतात. इथे दंडाला बांधायचा ऑप्टिकल पट्टा मधला मार्ग आहे. प्रकाश तोच, पण जागा मांसल आणि कमी हलणारी. कूस्पोचा एचडब्ल्यू८०७ त्या प्रकारातला. छातीच्या पट्ट्याने ज्यांना जखडल्यासारखं वाटतं त्यांना हाच सुचवतो.

तीस सेकंद जोर, तीस सेकंद आराम अशा व्यायामातही मनगटी बँड मागे पडतो. जोर संपतो तेव्हा त्याचा आकडा चढायला लागतो. सरासरी बरी येते, शिखर चुकतं.

नवखी_ठाणे

व्हॉट्सअ‍ॅपवर एक व्हिडिओ फिरतो, बँड केळ्याला बांधलाय आणि ८४ ठोके दाखवतोय. म्हणजे स्वस्त बँड नुसतेच आकडे फेकतात का? आणि बाबांसाठी घ्यायचं आहे, वय ६४, रक्तदाबाची गोळी चालू आहे.

भौतिकवाली

ताई, केळ्यावर महागडी घड्याळंही आकडा दाखवू शकतात. सेन्सरला उजेड परत मिळाला की तो त्यात लय शोधत बसतो. त्याला त्वचा आणि साल यातला फरक कळेलच असं नाही. ती खोटेपणाची परीक्षा नव्हे. खरी परीक्षा अशी : चार मजले जिना चढा, थांबा, मानेवर दोन बोटं ठेवून १५ सेकंद ठोके मोजा आणि चारने गुणा. मोजण्यात एक ठोका चुकला तर उत्तर चारने बदलतं, म्हणून चार-पाचचा फरक माफ. मग दोन मिनिटं बसून पुन्हा मोजा. ठोके उतरताना बँड खाली येतो का ते बघा. जो चढताना आणि उतरताना दोन्हीकडे साथ देतो तो ठेवा, नाहीतर परतीची मुदत संपायच्या आत परत करा.

औषधवाले काका

बाबांची गोळी कुठली ते आधी पाकिटावर बघ. एटेनोलॉल, मेटोप्रोलॉल असल्या बीटा ब्लॉकर गोळ्या ठोके दाबून ठेवतात. मेहनत तीच, पण ठोके १२० ऐवजी १००, मग सूत्र कॅलरी कमी सांगणार आणि "जोर वाढवा" असा इशाराही चुकीचा देणार. अ‍ॅम्लोडिपिन किंवा टेल्मिसार्टनचा असा परिणाम सहसा नसतो. बीटा ब्लॉकर असेल तर ठोक्यांचे टप्पे डॉक्टरांकडून लिहून घ्यायचे. कॅलरीसाठी अंतर आणि वजन पुरे, पहाटपळींनी दिलेला चालण्याचा हिशेब वापर. पेसमेकर असेल तर छातीचा पट्टा विचारल्याशिवाय लावायचा नाही.

आणि कमाल ठोक्यांचं २२० वजा वय हे गणित म्हाताऱ्यांना कमी आकडा देतं. २००१ सालचं तनाका यांचं सूत्र २०८ वजा वयाच्या ०.७ पट असं आहे. ६०व्या वर्षी पहिलं १६० देतं, दुसरं १६६. चाळिसाव्या वर्षी दोन्हींचं उत्तर १८०च. अ‍ॅपमध्ये कमाल ठोके हाताने भरायची सोय असेल तर दुसरं भरा.

पहाटपळी

मे महिन्यातल्या मुंबईसाठी एक भर. उकाड्यात रक्त त्वचेकडे वळतं, घामाने पाणी जातं, त्यामुळे तोच वेग असताना चाळिसाव्या मिनिटाला ठोके दहाने चढलेले असतात. वरच्या सूत्रात दहा ठोके म्हणजे पुरुषासाठी मिनिटाला दीड कॅलरी, अर्ध्या तासात ४५. ती जळलेली नाही, नुसती दिसते. जानेवारी आणि मे यांची तुलना करताना अंतर बघा, कॅलरी नको. वडापाव साधारण ३०० कॅलरींचा. स्क्रीनवर ३०० दिसले म्हणून अख्खा खाल्लात तर हिशेब तुमच्या अंगावर येईल. निम्म्यावर थांबणं बरं.

सायकल_दुरुस्त

जुना घ्यायचा असेल तर यंत्र जुनं चालेल, कापड नवं घ्या. टिचबटणांच्या मध्यापासून मध्यापर्यंतचं अंतर मोजून जा. बॅटरी बदलल्यावर पट्टा गप्प झाला तर सेल काढा, अर्धा मिनिट थांबा, पुन्हा घाला, अधिकच्या (+) खुणेची बाजू वर. आणि झाकण लावण्याआधी आतली रबरी रिंग खाचेत बसली आहे ना ते बघा, ती दुमडली की पुढच्या पावसात पाणी आत.