विषय: उत्तर: बरन सहल – शनिवारची रात्र तंबूत की डूलिनला?

प्रेषक: गॉलवे गट
मंडळी, डूलिनच्या हॉस्टेलला गुरुवारपर्यंत कळवायचंय, म्हणून थेट विचारते. शनिवारी पश्चिम आयर्लंडातल्या बरनमध्ये, पोलनाब्रोनच्या डोल्मेनपाशी (म्हणजे मोठ्या शिळा रचून केलेल्या प्राचीन थडग्यापाशी) तंबू टाकायचे का? 350 नंबरची बस बॅलीव्हॉनला सोडते, पुढे डोल्मेनपर्यंत बस नाही. तंबू पाठीवर असतील तर परतायची घाई राहणार नाही. तिसरा तंबू कॉर्कवाल्यांकडेच राहिलाय. जे येणार आहेत त्यांनीच लिहा.

प्रेषक: लिमरिकचे काका
तंबू नको. डोल्मेनच्या भोवती सगळी चुनखडीची फरशी आहे, खुंटी ठोकायला माती कुठून आणणार? पाणी भेगांतून खाली जिरतं, वर ओढा नाही, म्हणजे पिण्याचं पाणीही पाठीवरच. शिवाय आयर्लंडात स्कॉटलंडसारखा कुठेही हिंडायचा-राहायचा हक्क नाही. खुणा केलेल्या वाटासुद्धा बऱ्याच ठिकाणी शेतकऱ्यांच्या संमतीवर चालतात. एका गटाने आगाऊपणा केला की वाट सगळ्यांनाच बंद होते. बरन नॅशनल पार्कात तर तंबूला मनाईच आहे.

प्रेषक: एनिसची मावशी
काका, विचारलं तर लोक नाही म्हणत नाहीत. आम्हाला एका आजोबांनी घराशेजारचं कुरण दिलं होतं, वर सकाळी दूधही. पण तो उन्हाळा होता. ऑक्टोबरअखेर इथे गुरं डोंगरावर चढवतात. आपल्याकडच्यांना उलटं वाटेल, पण उन्हाळाभर तापलेला दगड ऊब धरून ठेवतो आणि वर पाय कोरडे राहतात. हिवाळाभर गुरं वाळकं गवत खातात, म्हणून मे महिन्यात तिथे जेन्शियन नावाचं निळं रानफूल फुलतं. तेव्हा जे फाटक बंद दिसेल ते बंदच ठेवा, उघडं असेल ते उघडं. मुलांना हे बसमध्येच सांगा.

प्रेषक: कॉर्क
तंबू "राहिलेला" नाही. सहल समितीनेच आमच्याकडे ठेवायला दिलाय, नोंद वहीत आहे. आणि दरवर्षी बरनच का? आमचं ड्रॉम्बेग बघा. 17 दगडांचं वर्तुळ, 13 शिल्लक आहेत, 21 डिसेंबरच्या सुमाराला सूर्य बरोबर आडव्या शिळेच्या दिशेने मावळतो. गाडीतळापासून चालत पाच-सात मिनिटं. ज्येष्ठांनाही झेपेल. आम्ही सगळी व्यवस्था करू.

प्रेषक: डब्लिनचे नागपूरकर
ड्रॉम्बेगवरून आठवलं. नागपूरजवळच्या जुनापाणीला अशी जवळपास तीनशे शिळावर्तुळं आहेत, रिव्हेट-कार्नॅक या ब्रिटिश अधिकाऱ्याने एकोणिसाव्या शतकात तिथे उत्खनन केलं होतं. लहानपणी आम्ही सायकलने जायचो, कुणी ढुंकून बघत नसे. मात्र मुलांना "दोन्ही एकच" असं सांगू नका. जुनापाणी लोहयुगातलं, ड्रॉम्बेग कांस्ययुगातलं, आणि पोलनाब्रोन त्या दोघांच्याही कितीतरी आधीचं, नवाश्मयुगातलं.

प्रेषक: लिमरिकचे काका
नागपूरकर, हे सहलीत सांगाच. पण आधी एक गोष्ट. पोलनाब्रोनला लोक फरशीतले सुटे दगड उपटून छोटे डोल्मेन रचतात. आपल्या मुलांनी एकही दगड हलवायचा नाही, आणि दोरीच्या आत कुणीही जायचं नाही. हळदकुंकू, नारळ तर मुळीच नको. ते दफनस्थान आहे. 1986 आणि 1988 च्या उत्खननात तिथे तीसहून जास्त जणांची हाडं सापडली. त्यात साधारण सहा महिन्यांचं एक बाळ होतं. 2020 मध्ये डीएनएवरून कळलं की त्याला डाउन सिंड्रोम होता, आणि हाडांच्या रासायनिक तपासणीवरून दिसलं की ते आईच्या दुधावर असावं. बाकीच्यांच्या बरोबरीने त्यालाही तिथेच ठेवलं. मी त्या जागी दर वेळी हात जोडतो, पण लांबूनच.

प्रेषक: गॉलवे गट
मावशी, फाटकांचं बसमध्ये तुम्हीच सांगाल का? कॉर्क, ड्रॉम्बेगचं डिसेंबरसाठी वेगळं लिहा, या सहलीत नको. तंबू रद्द, दोन्ही रात्री डूलिनला. पण मग बॅलीव्हॉनहून डोल्मेनकडे जाणाऱ्या आर480 रस्त्याचं काय? पदपथ नाही, वळणं आंधळी, आणि रविवारी घड्याळं मागे जाणार म्हणजे पाचलाच संधिप्रकाश. मुलांना त्या रस्त्याने चालवायला माझं मन तयार नाही.

प्रेषक: एनिसची मावशी
माझी गाडी आहे. बॅलीव्हॉनहून मुलं आणि ज्येष्ठ आधी, मग बाकीचे, अशा फेऱ्या करीन. ज्यांना चालायचंच आहे त्यांनी पिवळी जॅकेटं घाला, सगळं सामान डूलिनला ठेवा. परतीची शेवटची फेरी चार वाजता. उशीर झाला तर थांबणार नाही, बस चुकेल. गाडीत बसणाऱ्यांची नावं मला बुधवारपर्यंत द्या, आणि लहान मुलांच्या कार सीट ज्याच्या त्याने आणा.