जुना दाढीचा ब्रश: मूठ एकदम मस्त, केस गेलेले. काय काय करता येईल?

फेसाळ
नमस्कार मंडळी, जुन्या रेझरच्या नादाने घेतलेल्या एका लॉटमध्ये दोन दाढीचे ब्रश पण आलेत आणि आता रेझर राहिले बाजूला, मी या ब्रशांच्याच मागे लागलोय. पहिल्याची मूठ पिवळीधमक, हातात चांगली जड लागते, त्यावर एव्हर-रेडी हे कंपनीचं नाव आणि खाली 'स्टरलाइज्ड', 'सेट इन रबर' असं कोरलंय पण अक्षरांतला रंग उडालाय. दुसरा हलका आहे, टिचकी मारली की पोकळ वाजतो, हस्तिदंतासारखा रंग आणि त्यात बारीक समांतर रेषा. दोन्हीचे केस हात लावला की तुटतात, मधे टक्कल पडलंय आणि कुबट वास येतो.
प्रश्न असे की केस धुऊन वाचतील का? नाही तर नवीन नॉट (मुठीत बसणारा केसांचा झुबका) बसवायची म्हणजे जुनी काढायची कशी? पिवळेपणा घालवायचा की राहू द्यायचा? व्हिडिओ बघितले पण प्रत्येक जण वेगळंच सांगतो. विकायचे नाहीयेत, वापरायचे आहेत.

मूठभर
आधी काहीच करू नका, म्हणजे उकळतं पाणी नाही, ॲसिटोन नाही, थिनर नाही. मूठ कशाची आहे ते कळल्याशिवाय केलेला प्रत्येक उपाय म्हणजे जुगार आहे.
तुमचा दुसरा ब्रश वर्णनावरून शंभर टक्के सेल्युलॉइड, म्हणजे जुन्या काळचं एक प्लास्टिक, वाटतोय. हस्तिदंताची नक्कल म्हणून त्यात मुद्दाम अशा रेषा काढायचे. अंगठ्याने एकाच जागी जोरात घासा, जागा गरम झाली की लगेच नाकाशी धरा, कापराचा वास आला की नक्की झालं, कारण सेल्युलॉइडमध्ये कापूर खरोखरच घातलेला असतो. काही लोक गरम सुई टोचून बघा म्हणतात, तो सल्ला चुकूनसुद्धा ऐकू नका, सेल्युलॉइड भुर्रकन पेटतं. ॲसिटोनमध्ये ते विरघळतं, त्यामुळे नेलपॉलिश रिमूव्हरने डाग काढायला जाल तर डागाबरोबर मूठही जाईल. आणि त्याला तडे जायला लागले असतील किंवा आंबूस उग्र वास येत असेल तर रेझरच्या डब्यात बंद करून ठेवू नका, सडणारं सेल्युलॉइड आम्लाच्या वाफा सोडतं आणि शेजारचा धातू खातं.
पहिला कॅटालिन असावा. बेकलाइट या जुन्या कडक प्लास्टिकचाच भाऊबंद, पण बेकलाइटमध्ये भुसा वगैरे भर घालून साच्यात दाबतात म्हणून ते काळं-तपकिरी असतं, कॅटालिन नुसतंच ओतीव असतं म्हणून त्यात रंग छान येतात. 1920 च्या दशकाच्या शेवटी बाजारात आलं. कोमट पाण्याखाली धरून चोळलं की फिनॉलचा, दवाखान्यासारखा वास येतो. कापसाच्या बोळ्यावर मेटल पॉलिश घेऊन मुठीच्या बुडाला घासलं आणि बोळा पिवळा झाला तर जवळपास नक्कीच.
तिसरा प्रकार म्हणजे ॲक्रिलिक, पारदर्शक मुठी असतात त्या. तुमच्याकडे नाहीये पण पुढे मिळेल म्हणून सांगतो, त्याला स्पिरिट लावायचं नाही, आतून बारीक तडे जातात आणि ते पॉलिशने जात नाहीत.

जंतूताई
केस वाचवायचा विचार सोडून द्या असं स्पष्टच सांगते. नुसत्या वासाचा प्रश्न असता तर शांपू, मग पाण्यात थोडं व्हिनेगर, मग सावलीत वाळवणं, झालं असतं. पण प्राण्यांच्या जुन्या केसांत अँथ्रॅक्सचा, म्हणजे जनावरांपासून माणसाला होणाऱ्या एका जीवघेण्या रोगाचा, इतिहास आहे. पहिल्या महायुद्धात बॅजर या प्राण्याच्या केसांचा (चांगले ब्रश त्याचेच) पुरवठा आटला तेव्हा घोड्याचे केस रंगवून बॅजर म्हणून खपवले गेले, त्यातले बरेचसे नीट निर्जंतुक केलेले नव्हते आणि सैनिकांना, साध्या लोकांनाही दाढी करताना चेहऱ्यावर, मानेवर अँथ्रॅक्स झाला, काही जण दगावले. ब्रिटनने तर 1920 मध्ये जपानहून येणाऱ्या ब्रशांची आयातच बंद केली. तुमच्या मुठीवर 'स्टरलाइज्ड' कोरलंय ना, ते त्याच धास्तीच्या काळातलं आश्वासन आहे.
आज धोका अगदी नगण्य असेल, मान्य. पण अँथ्रॅक्सचे बीजाणू वर्षानुवर्षं तग धरतात आणि घरी पाणी उकळून ते मरतीलच असं नाही, त्यासाठी दाबाखालची वाफ लागते, 121 अंशांची, आणि त्या तापमानाला तुमचं सेल्युलॉइड काय करेल ते वर वाचलंच असेल. दाढी करताना कातडी कापली जातेच, तिथे हा ब्रश कशाला फिरवायचा? 1930 च्या आधीचा वाटला तर केस काढायचेच, आणि ते कोरडे असताना कातरायचे नाहीत, आधी ओले करायचे म्हणजे धूळ उडत नाही. मास्क आणि हातमोजे घालायचे, केस पिशवीत बांधून टाकायचे.

लाकूडतोड्या
ताईंशी सहमत. आता काढायचं कसं ते.
केस मुठीच्या काठाशी जितके जवळून कापता येतील तितके कापा. मग जे बुंधे राहतात ते रबरात, राळेत नाही तर सिमेंटसारख्या कशात तरी घट्ट बसलेले असतात. राळ असेल तर वाफेवर ती सैल होते आणि नॉट कधी कधी अख्खी बाहेर येते. पण तुमचं 'सेट इन रबर' आहे, व्हल्कनाइज्ड रबर, ते आता दगड झालेलं असणार, वाफेने त्याला काहीही होत नाही, ते कोरूनच काढावं लागतं.
कॅटालिनला फोर्स्टनर बिट वापरा, म्हणजे सपाट तळाचं भोक पाडणारं गोल बिट. भोक आत्ता आहे त्यापेक्षा एक-दोन मिलिमीटर लहान बिटाने सुरुवात करा आणि मग वाढवत जा. मूठ हातात धरून ड्रिल करायचं नाही म्हणजे नाही, बिट अडकलं की मनगट फिरतं आणि मूठ भिंतीवर जाते. व्हाइसमध्ये (शिकंज्यात) लाकडाच्या दोन फळ्या आणि कापड घालून धरा, जबडा हलका आवळा. स्पीड कमी, दर थोड्या वेळाने थांबायचं, कारण गरम झालं की कडेचे कपचे उडतात. काठाला चारी बाजूंनी निदान तीनेक मिलिमीटर भिंत उरली पाहिजे, मोठी नॉट बसवायच्या हव्यासाने काठ पातळ करू नका.
सेल्युलॉइडच्या पोकळ मुठीला ड्रिल लावूच नका. ते नुसतं कवच असतं, आत बूच नाही तर लाकडाचा ठोकळा नाही तर चक्क हवा. पातळ पटाशीने आणि चिमट्याने थोडं थोडं उकरा, बुंधे निघाले की आतली जागा एपॉक्सी पुटीने थराथराने भरा. एकदम सगळी कोंबू नका, एपॉक्सी घट्ट होताना तापतं आणि जाड गोळा असला की चांगलंच तापतं. एक थर वाळला की दुसरा.
आणि घासताना निघणारी धूळ, दोन्हीची, नाकात जाता कामा नये. पाण्यातच घासायचं.

मूठभर
+१ पाण्यात घासण्याला. काळ्या बेकलाइटमध्ये भर म्हणून कधी कधी ॲसबेस्टॉस पण असायचं, आणि जुन्या रंगवलेल्या लाकडी मुठींच्या रंगात शिसं. वॉटर पेपर (पाण्यात ओला करून वापरायचा पॉलिश पेपर) त्यासाठीच आहे.

निवांतराव
सगळे ड्रिलवर बोलतायत पण ब्रश चांगला होतो की वाया जातो ते ठरतं लॉफ्टवर, आणि त्यावर कोणी अक्षर काढलं नाही. लॉफ्ट म्हणजे काठापासून वर केस किती उंच राहतात ते. नॉट मिळते साधारण साठ-सत्तर मिलिमीटर लांब, तिच्या बुडाला गोंदाचा कडक गोळा असतो, ती किती खोल बसवायची हे तुमच्या हातात आहे आणि तोच एक निर्णय नंतर सहज बदलता येत नाही.
नॉट फार वर बसवली तर ब्रश लुळा पडतो, चेहऱ्यावर दाबला की सगळे केस चोहीकडे पसरतात, साबण उचलत नाही, शिवाय गोंदाचा गोळा काठाच्या वर डोकावतो आणि केस तिथेच तुटायला लागतात. फार खोल बसवली तर ताठ होतो, काठाने केस आवळले जातात, फुलायला जागाच राहत नाही, फेस आतल्या आत अडकतो आणि कितीही धुतला तरी बुंध्याशी साबण साचतो. मधे टक्कल पडायचं एक कारण तेच, साबण सुकून बुंध्याशी केस तुटतात.
बॅजर असेल तर माझा हिशोब नॉटच्या जाडीच्या दुप्पट ते सव्वादोनपट. म्हणजे 22 मिलिमीटरची नॉट असेल तर 44 ते 49 च्या आसपास, 24 ची असेल तर 48 ते 54. डुकराच्या केसांना जास्त उंची लागते कारण ते मुळात ताठ, आणि वापरून वापरून टोकं दुभंगतात तेव्हा कुठे मऊ होतात, पहिल्या आठवड्यात नावं ठेवू नका. सिंथेटिकला पाणी शोषायचं नसतं, ते लगेच तयार, पण स्प्रिंगसारखं उसळतं म्हणून मी ते किंचित खोल बसवतो.
आणि चिकटवायच्या आधी कोरडीच बसवून बघा. भोकाच्या तळाशी लाकडाच्या चकत्या नाही तर वॉशर टाकून उंची कमीजास्त करता येते. बाजूने थोडी चिकणी पुटी लावून नॉट तात्पुरती उभी करा, ब्रश कोमट पाण्यात बुडवून तळहातावर खरोखर फेस करून बघा. कोरडा ब्रश बघून लॉफ्ट ठरवणारे लोक मला कळतच नाहीत, ओला झाला की त्याचा स्वभावच वेगळा निघतो. मनासारखं झालं की नॉट पूर्ण वाळवा आणि मगच गोंद.

लाकूडतोड्या
गोंदावर बोला ना निवांतराव, तिथेच आपलं भांडण आहे 😄 माझं मत दोन भागांचं एपॉक्सी. काठाला मास्किंग टेप, गोंद तळाला आणि थोडासाच भिंतीला, नॉट फिरवत फिरवत बसवायची, ब्रश सरळ उभा ठेवून चोवीस तास हात लावायचा नाही. वर चढलेला गोंद केसांत गेला तर ब्रश गेला.

निवांतराव
एपॉक्सी म्हणजे पुढच्या माणसाला शिक्षा. नॉट कायमची नसते हो, मूठ कायमची असते. मी सिलिकॉन सीलंट वापरतो, पाणी जात नाही, धरून ठेवतं आणि पुढे केस झिजले तर पातळ पात्याने कापून नॉट अख्खी निघते. फक्त भोक नॉटच्या मापाचं हवं, ढिल्या भोकात सिलिकॉन डुलतं. तुम्ही आज रबर कोरताय, उद्या कोणाला तरी तुमचं एपॉक्सी कोरायला लावणार.

जुनंतेसोनं
पिवळेपणाबद्दल कोणी बोललंच नाही. फेसाळ, तो घालवू नका. तो पिवळा रंग मुळात कदाचित पांढरट असेल, कॅटालिनचा वरचा थर हवेने आणि उजेडाने वर्षानुवर्षं बदलत जातो. घासला की खालचा मूळ रंग निघतो हे खरं, पण मग ती मूठ काल केलेली दिसते. मग नवीनच घ्या ना.

मूठभर
नाही पटत. वापरायचे आहेत असं त्यांनी लिहिलंय. शिवाय घासला तरी पिवळेपणा परत येतोच, काही वर्षं थांबा फक्त. मी मधला मार्ग सांगतो, बुडाला एका कोपऱ्यात 1500 च्या वॉटर पेपरने (आकडा मोठा तितका पेपर बारीक) थोडं घासून बघा, खालचा रंग आवडला तर पुढे जा, नाही आवडला तर नुसतं प्लास्टिक पॉलिश मारा आणि थांबा. ओरखडे खोल असले तरच 600 पासून सुरू करा, मग 1000, 1500, 2000, प्रत्येक पेपरनंतर धुऊन पुसून उजेडात तिरकं धरून बघायचं, आधीच्या पेपरच्या रेघा दिसत असतील तर पुढचा पेपर घ्यायचा नाही.
अक्षरांजवळ मात्र हात आखडता घ्या. ती कोरीव असली तरी उथळ असतात, जोरात घासलं की कायमची जातात. रंग भरायचा तो सगळं घासून झाल्यावर आणि शेवटच्या पॉलिशच्या आधी. इनॅमल रंग टोकदार काडीने खाचेत दाबून भरा, किंचित सुकू द्या, मग जाड कागदाची सरळ कड अक्षरांवरून आडवी ओढा, वरचा रंग निघतो आणि खाचेतला राहतो. कापडाने पुसाल तर कापड खाचेत शिरून सगळा रंग घेऊन बाहेर येईल.

फेसाळ
बाप रे, एवढं सगळं! कापराचा वास आला, अगदी देवघरात बसल्यासारखा, म्हणजे दुसरा सेल्युलॉइडच. पहिल्याचा बोळा पिवळा झाला. केस दोन्हीचे ओले करून कातरले. पिवळेपणा आत्ता तरी राहू देतोय, बुडाला घासून बघितलं तर आत फिकट क्रीम रंग आहे, तो तितकासा आवडला नाही (जुनंतेसोनं, खूश?).
एकच अडचण. रबर मधोमध उकरून बघितलं तर भोक वेडंवाकडं निघतंय, एका बाजूला जास्त कोरलं जातंय, आणि फोर्स्टनरच्या टोकाला धरायला मधे काही उरलंच नाहीये. भोक आत्ता साधारण 20 आहे, 22 ची नॉट बसवायची आहे.

लाकूडतोड्या
मधे टोक टेकायला जागा नसली की ते बिट भरकटतंच. दोन रस्ते आहेत. एक, भोकात मापाचा गोल लाकडी दांडा ठोकून चिकटवा, वाळू द्या, वरून काठाशी सपाट करा, त्यावर मुठीचा मध्य काढून खूण करा आणि मग 22 च्या बिटाने नवीन भोक पाडा, लाकूड आणि उरलेलं रबर एकदमच निघतं. मध्य काढताना भोकाचा काढू नका, मुठीच्या बाहेरच्या काठाचा काढा, भोक आता वाकडं आहे. दुसरा रस्ता, रोटरी टूलला सँडिंग ड्रम लावून हळूहळू भिंत झिजवायची, वेळ जास्त लागतो पण काठ फुटायची भीती कमी. कॅटालिनला मी दुसरा घेईन.

निवांतराव
आणि दर वेळी नॉट घालून माप बघत जा. ती हलकेच फिरवत आत गेली पाहिजे, दाबून नाही. सिलिकॉनला भिंतीशी अर्धा मिलिमीटर जागा लागतेच.