मदत हवी आहे : बो जॅक्सनच्या दुखापतीविषयी मराठीत लिहिताना

नमस्कार. बेसबॉल आणि अमेरिकन फुटबॉल या दोन्ही खेळांत ऑल-स्टार (निवडक सर्वोत्तम खेळाडूंच्या सामन्यासाठी निवडलेला) ठरलेला पहिला खेळाडू बो जॅक्सन याच्यावर मी शाळेच्या वार्षिक अंकासाठी लेख लिहीत आहे. १३ जानेवारी १९९१ रोजी सिनसिनाटी बेंगल्स या फुटबॉल संघाविरुद्धच्या सामन्यात त्याच्या खुब्याला इजा झाली, रक्तपुरवठा तुटून तेथील हाड निर्जीव होत गेले आणि अवघ्या २८व्या वर्षी त्याचे फुटबॉल कायमचे संपले. कृत्रिम खुबा बसवून १९९३ मध्ये तो बेसबॉलला परतला आणि पहिल्याच संधीत त्याने होमरन (क्रिकेटमधल्या षटकारासारखा फटका) मारला, हा प्रसंग लिहिताना मन हेलावते.

हाडाच्या या विकाराला डॉक्टर रुग्णाशी बोलताना मराठीत काय म्हणतात? मुलांना समजेल असा शब्द अस्थिरोगतज्ज्ञांनी कृपया सुचवावा.