स्ट्रॅटफर्डला जाऊन आलेल्यांनो, इकडे या

निंबोणी:
लेकीच्या गॅदरिंगला मॅक्बेथमधला चेटकिणींचा प्रवेश आहे. ही तिसरी चेटकीण. सकाळ-संध्याकाळ घरात कढई ढवळणं चालू, आणि मला सारखं शेक्सपिअरचं गाव स्ट्रॅटफर्ड आठवतंय. भाऊ बर्मिंगहॅमला होता तेव्हा आईला घेऊन गेलो होतो. आई मराठीची शिक्षिका, निवृत्त. हेन्ली स्ट्रीटवरच्या जन्मघरात ती फारशी रमली नाही. "ठीक आहे, जुना वाडा." पण होली ट्रिनिटी चर्चमध्ये थडग्यापाशी अडून बसली, कारण त्या दगडावर नावच नाही! नुसत्या चार ओळी, माझी हाडं हलवेल त्याला शाप म्हणून. तिथल्या स्वयंसेवक आजोबांना तिनं विचारलंच, एवढा मोठा माणूस आणि नाव नको? त्यांनी भिंतीवरचा अर्धपुतळा दाखवला, हातात पिसाची लेखणी वगैरे. आई म्हणे, "हा तर सुखवस्तू सावकार दिसतोय."
1564 मध्ये बाप्तिस्मा त्याच चर्चमध्ये, 1616 मध्ये दफनही तिथेच. लंडन गाजवून माणूस शेवटी गावात परत आला, हे आईला इतकं पटलं की घरी आल्यावर तिनं वाईला राहायला जायचा हट्ट धरला. आता तिथेच असते.
तुम्ही काय पाहिलंत? नाटक पाहिलं असेल तर आधी ते लिहा, आमचं राहिलं.

तिसरी_घंटा:
पाहिलंय!! रॉयल शेक्सपिअर थिएटर. रंगमंच प्रेक्षकांत घुसलेला, तीन बाजूंना माणसं. एक नट माझ्या खुर्चीशेजारून ओरडत गेला, मांडीवरचा कोट खाली पडला. पूर्वी सगळ्यात मागची खुर्ची 27 मीटर लांब होती म्हणे, 2010 मध्ये नूतनीकरण झालं तेव्हा ती 15 मीटरवर आणली. आमच्याकडे स्पर्धेच्या नाटकाला मागच्या रांगेत बसून बघा एकदा. निम्मं नाटक पंख्यांनाच ऐकू जातं. असो, भाजी करपतेय.

पोटमाळा:
न्यू प्लेस कुणी नाही का पाहिलं? म्हणजे पाहायला काही नाहीच, बाग आहे. शेक्सपिअरनं 1597 मध्ये घेतलेलं घर. पुढे ते एका पाद्रीबुवांकडे गेलं. बघे येऊन त्रास देतात म्हणून त्यांनी आधी शेक्सपिअरचं म्हणून सांगितलं जाणारं तुतीचं झाड तोडलं, मग कराच्या भांडणात 1759 मध्ये अख्खं घर पाडलं. गाववाले खवळले. त्या झाडाच्या लाकडाच्या डब्या-पेट्या मात्र पुढे कित्येक वर्षं विकल्या जात होत्या, एका झाडातून निघतील त्याहून जास्त.
आमचा वाडा पाडला तेव्हा कुणी साधी काचसुद्धा फोडली नाही. बिल्डरनं पेढे वाटले, सगळ्यांनी खाल्ले.

बाराखडी७:
@पोटमाळा 😂😂 आणि जागा किती मिळाली ते सांगा

पोटमाळा:
विचारू नका.

ओट्यावरून:
आमच्या चुलत दिरांनी लंडनमधल्या स्ट्रॅटफर्डला उतरून मॉल पाहिला आणि शेक्सपिअरचं गाव फार सुधारलंय म्हणून सगळ्यांना सांगितलं. अजून सांगतात. आम्ही कुणी दुरुस्त करत नाही.

सांजवेळ:
जन्मघराच्या बागेत टागोरांचा पुतळा आहे, तो बघून उगाच भरून आलं. तिथे नट उभे असतात, सांगाल त्या नाटकातला उतारा म्हणून दाखवतात. आमच्या चिरंजीवांनी "काहीतरी मारामारीचं" सांगितलं. त्या बिचाऱ्यानं एकट्यानं दोघांची तलवारबाजी केली.

कोपरखळी:
शेक्सपिअरच्या वडिलांना 1552 मध्ये हेन्ली स्ट्रीटवर उकिरडा केल्याबद्दल दंड झाला होता. हातमोजे शिवायचा धंदा. ही माहिती आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर टाकली, तर सेक्रेटरींना वाटलं मी त्यांनाच टोमणा मारला. (मारलाच होता.)

जुनाट:
माझे पणजोबा जुन्या मराठी रंगभूमीवरचे नट गणपतराव जोशी यांच्या हॅम्लेटबद्दल सांगत, असं आजोबा सांगत. आगरकरांचं भाषांतर, 1883 मधलं. त्यामुळे नदीकाठच्या बागेत हॅम्लेटचा कवटी घेतलेला पुतळा पाहिला तेव्हा मला तो फेट्याशिवाय ओळखीचाच वाटेना. तिथेच लेडी मॅक्बेथ आहे, फॉल्स्टाफ आहे. फॉल्स्टाफशेजारी सगळे पोट पुढे काढून फोटो काढतात. आमच्या ह्यांना पोट काढावं लागलं नाही.

निंबोणी:
@जुनाट 🤣 आईला वाचून दाखवते. ती विचारतेय गणपतरावांचं अजून काही आठवतं का?

जुनाट:
आठवतं, रात्री लिहिते. नातू झोपू दे.

ओट्यावरून:
बागेतले हंस खायला मागतात, सांभाळून. आमच्या दशम्या बघून थेट चटईवर आले.

सांजवेळ:
दशम्या तिथवर टिकल्या?? कशात भिजवल्या होत्या?

ओट्यावरून:
दुधात. पाण्याचा थेंब नाही. चार दिवस आरामात. चटणी मात्र कोरडी न्या, लसणाची.

बाराखडी७:
@ओट्यावरून कस्टमला काही म्हणाले नाहीत? दूध चालत नाही ना. सासूबाई पुढच्या महिन्यात येतायत, त्यांचा डबा ठरायचाय.

ओट्यावरून:
अगं, मी तिथेच भावजयीकडे केल्या. कणीक तिकडे मिळते की.