एमएस्सीच्या ओजेटीसाठी नागपुरात लॅब कुठं मिळेल? मेलला कोणी उत्तरच देत नाही

उमरेडची_लेक
नमस्कार. मी एमएस्सी पर्यावरणशास्त्र, दुसरं सेमिस्टर. नवीन अभ्यासक्रमात ओजेटीचे चार क्रेडिट आहेत, म्हणजे १२० तास कुठंतरी प्रत्यक्ष काम करायचं. कॉलेज म्हणते जागा तुम्ही शोधा, पत्र आम्ही देऊ. नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेपासून बुटीबोरीच्या कंपन्यांपर्यंत सगळीकडे मेल पाठवून राहिली आहे, एकाचंही उत्तर नाही. वर्गातले काही जण एका एजन्सीला साडेचार हजार देऊन सर्टिफिकेट घेणार आहेत, तिथं जायचीही गरज नाही म्हणे. घरी शेती आहे, एवढे पैसे मागवत नाहीत. आणि मला खरंच काम शिकायचं आहे. नंदनवनला रूम करून राहते, गाडी नाही.

मेल असा लिहिते: "आदरणीय महोदय, आपल्या नामांकित संस्थेत कोणत्याही विभागात मला इंटर्नशिपची संधी द्यावी ही नम्र विनंती." यात काय बदलू?

विदर्भ_एक्सप्रेस
मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत नाव नोंदव ना. महिन्याला १०,००० मिळतात.

हिंगणा_लॅबवाली
भाऊ, दहा हजारांचा आकडा बरोबर आहे, पण ती योजना शिक्षण सुरू असलेल्यांसाठी नाही. २०२४ला आली तेव्हापासून हा घोळ होतो, पोरं कागद जमवतात आणि अर्ज बाद होतो. केंद्राच्या पीएम इंटर्नशिपलाही पूर्णवेळ शिकणारे चालत नाहीत. एमएस्सी झाल्यावर तिनं जरूर बघावं.

बेटा, आता तुझं. मी हिंगणा एमआयडीसीत पाणी आणि सांडपाणी तपासणाऱ्या लॅबमध्ये आहे, विद्यार्थ्यांचे अर्ज माझ्याच टेबलावर येतात. "कोणत्याही विभागात" असं वाचलं की तुला कुठं बसवायचं हे मलाच ठरवावं लागतं, आणि तेवढा वेळ कोणाजवळ नसतो. तुझ्या हाताला काय येतं ते लिही. मागच्या उन्हाळ्यात एका मुलीनं लिहिलं होतं की कॉलेजात नाग नदीच्या पाण्याचा सीओडी केला, म्हणजे पाण्यातल्या घाणीला रसायनानं किती ऑक्सिजन लागतो ते मोजलं, आणि चाचणीचा शेवट दाखवणाऱ्या फेरॉइनचा निळसर हिरवा जाऊन विटकरी रंग कोणत्या थेंबाला येतो ते आता ओळखू येतं. तिला मी त्याच दुपारी फोन केला. तो शेवटचा थेंब ज्याला कळतो त्याला दोन तास रिफ्लक्स झालेला, म्हणजे आम्लात उकळलेला, नमुना निर्धास्त हातात देता येतो. नाहीतर एक थेंब जास्त पडला की सगळं पुन्हा पहिल्यापासून.

दुसरं, दिवस सलग दे. रोजचे आठ तास धरले तर १२० तासांचे पंधरा दिवस होतात. बीओडीची, म्हणजे पाण्यातले जंतू घाण खाताना किती ऑक्सिजन वापरतात ते मोजायची, बाटली २७ अंशांवर तीन दिवस इन्क्युबेटरमध्ये असते. सोमवारी लावली की गुरुवारी तपासायची. आठवड्यातून दोनच दिवस येणारीला बाटली लावताना दिसते, आकडा निघताना दिसत नाही. मग ती शिकली काय?

कुठं शोधायचं? लॅबना मान्यता देणाऱ्या एनएबीएलच्या साईटवर मान्यताप्राप्त लॅबची यादी आहे, शहर नागपूर टाकून बघ. प्रत्येक लॅबचा स्कोप तिथं दिलेला असतो, म्हणजे कोणत्या चाचण्या कोणत्या पद्धतीनं करतात ते. तो वाच आणि त्यातल्याच दोन चाचण्यांची नावं घेऊन लिही. नीरीत जागा मिळाली तर सोनंच, पण तिच्या भरवशावर बाकी दारं सोडू नको. हिंगणा रोडला यायला प्रजापती नगरहून मेट्रोत बस, लोकमान्य नगरपर्यंत एकच गाडी येते.

आणि मार्च संपायच्या आत अर्ज दे. एप्रिल-मेमध्ये पावसाळ्याआधीचे भूजलाचे नमुने घ्यायचे असतात, त्या उन्हात बर्फाच्या पेटीतून बाटल्या आणायच्या, आल्या आल्या नोंदवायच्या. तेव्हा आम्हाला हात कमी पडतात. त्या दिवसांत कामाची मुलगी कोणी परत पाठवत नाही.

साडेचार हजारांच्या कागदाचा मला राग येतो. भरती करताना मी सर्टिफिकेट बाजूला ठेवते आणि ब्युरेट (थेंब मोजून सोडायची काचेची नळी) भरायला सांगते. नंतर विचारते, ब्लँक (नमुन्याऐवजी शुद्ध पाणी घेऊन केलेली चाचणी) कशासाठी घेतात? ज्यानं केलंय तो बोलू लागतो. ज्यानं कागद विकत घेतलाय तो जमिनीकडे बघतो, आणि मला त्या पोराचं वाईट वाटतं, कारण त्याला फसवणारे पैसे घेऊन केव्हाच मोकळे झालेले असतात.

बुटीबोरी_जनरल_शिफ्ट
ताईंनी लॅबचं सांगितलं, मी कारखान्याचं सांगतो. एचआरला मेल करून काही होत नाही. ईएचएस (पर्यावरण, आरोग्य, सुरक्षा) विभागाच्या मॅनेजरच्या नावानं पत्र दे, ईटीपी, म्हणजे कारखान्याचं सांडपाणी शुद्ध करणारा प्लांट, त्यांच्याकडे असतो. बहुतेक ठिकाणी गेटच्या आत सोडायच्या आधी अपघात विमा आणि सेफ्टी शूज मागतात. कॉलेजचा गट विमा आहे का ते आधीच विचारून ठेव, आमच्याकडे यामुळे पोरं आठवडाभर अडकून राहतात. पण गाडी नसताना नंदनवनहून रोज बुटीबोरी जड जाईल. त्यापेक्षा तुला भांडेवाडी जवळ आहे. तिथला १३० एमएलडीचा, म्हणजे रोज १३ कोटी लिटरचा, प्लांट शहराचं सांडपाणी शुद्ध करतो आणि ते पाणी कोराडीच्या वीज केंद्राला जाते. महापालिकेत कॉलेजचं पत्र देऊन बघ. पर्यावरणशास्त्राच्या विद्यार्थ्यानं एवढं मोठं काम जवळून पाहायलाच पाहिजे.

उमरेडची_लेक
ताई, दादा, खूप आधार वाटला. मला पीएच, हार्डनेस, क्लोराइड आणि डीओ (पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन) नीट येतात, सीओडी एकदाच केलाय. तेवढ्यावर अर्ज करू का? मेल इंग्रजीत लिहू की मराठीत? आणि स्टायपेंड विचारला तर राग येईल का?

हिंगणा_लॅबवाली
येतं तेवढंच लिही आणि सीओडी "एकदा केला आहे" असंच लिही. डीओ नीट येतो ना? मग बीओडीचं अर्धं काम तुला येतंच. मेल इंग्रजीतच कर, तो पुढं फाईलला लागतो. पण चार ओळींच्या वर जाऊ नको: मी कोण, हाताला काय येतं, तुमच्या स्कोपमधल्या कोणत्या दोन चाचण्या शिकायच्या आहेत, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत रोज येऊ शकते. वर लॅब इनचार्ज किंवा क्वालिटी मॅनेजर असं लिही. सोबत विभागप्रमुखांच्या सहीशिक्क्याचं पत्र जोड, त्यात १२० तास, तारखा आणि मार्गदर्शक प्राध्यापकांचा फोन हवा. तारखा नसलेलं पत्र आमच्याकडे नुसतं पडून राहतं.

राग कशाचा? पंधरा दिवसांसाठी स्टायपेंड सहसा मिळत नाही. पण होकार आल्यावर जाण्यायेण्याचा खर्च मिळेल का असं सरळ विचार, काही लॅब देतात.

दोन दिवसांत उत्तर आलं नाही तर पत्राची प्रत घेऊन स्वतः जा. दुपारी तीननंतर जा, सकाळी नमुन्यांच्या नोंदीत कोणाला मान वर करायला फुरसत नसते. पांढरा एप्रन सोबत ठेव, पायात बंद बूट, केस बांधलेले, ओढणी नको. कोणी म्हणालं आत्ताच एक टायट्रेशन करून दाखव, तर लगेच उभं राहता आलं पाहिजे.